ज्याच्या हाती फुलपात्र

सरांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला तो अकराव्या आठवड्यात, आणि तोसुद्धा धूळ पुसायला. हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं, त्यामुळे पुढे कुठे तोल गेला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नव्वदचं दशक निम्म्याच्या वर सरलं होतं. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. काचेची दारं, एसी, टाय लावलेले मास्तर आणि तीन महिन्यांत हमखास नोकरी. सरांचा क्लास बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होता. पुढच्या खोलीत क्लास, मागच्या दोन खोल्यांत सर एकटे राहायचे. खाली दुकानात दिवसभर कुणी ना कुणी लाउडस्पीकर तपासून बघायचं, त्यामुळे सरांच्या प्रत्येक वाक्यामागे 'हॅलो, वन, टू, थ्री' ऐकू यायचं. सरांना त्याचं काही नसे. पूर्वी ते एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात होते आणि मुदतीच्या बऱ्याच आधी नोकरी सोडून आले होते. का सोडली ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

ते फक्त कोबोल शिकवायचे. कारखाने, बँका, विमा कंपन्या यांच्या लांबलचक याद्या ज्या भाषेत चालायच्या ती ही जुनी भाषा. ती मेली असं सगळे धरून चालले होते. मग एकदम बोभाटा झाला की जगभरच्या या जुन्या प्रोग्रॅमांमध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेत, दोन हजार साल उजाडलं की सगळा गोंधळ होणार, आणि तो निस्तरायला कोबोल येणारी माणसं हवीत. मी यवतमाळहून आले ती याच बातमीच्या जोरावर. वडील तहसील कचेरीत होते. त्यांनी जूनमध्ये मला गाडीत बसवताना एकच अट घातली होती. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर राहा, नाहीतर परत ये. परत जाणं म्हणजे काय, तेही मला माहीत होतं. वणीच्या एका घरातली माणसं मला बघून गेली होती, मी त्यांना पसंत होते आणि ते दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते.

पहिल्या दिवशी मी सरांना विचारलं, किती दिवसांत येईल?

"तुम्हाला कुठे जायचंय?"

"नोकरीला."

"मग बसस्टॉप खाली आहे."

मी तेव्हाच उठून काचेच्या दाराच्या क्लासला जायला हवं होतं. पण तिथे कोबोल शिकवत नव्हते, आणि सरांनी तेवढ्यात माझ्यापुढे एक आखीव कागद आणि पेन्सिल ठेवली होती. त्या कागदावर ऐंशी उभी घरं. एका घरात एक अक्षर. पहिली सात घरं मोकळी सोडायची आणि आठव्यापासून लिहायचं. शाईला बंदी. पुढचे अडीच महिने मी त्या घरांत अक्षरं भरत होते. खोलीत दोन कॉम्प्युटर होते, दोन्हींवर क्रोशाची झाकणं, आणि ती झाकणं सर दर शनिवारी धुऊन वाळत घालायचे. तेवढ्या वेळात झाकणाखालचं मशीन बघायला मिळेल म्हणून मी शनिवारी लवकर जायचे. वडिलांचा दर रविवारी शेजारच्यांच्या फोनवर फोन यायचा. "काहून वं, त्यानं मशीनले हात तरी लावू देल्ला का नाही?" मी विषय बदलायचे.

आमच्या बॅचला आम्ही चौघं होतो. सदाशिव पेठेतल्या दोन बहिणी होत्या, त्या दोघींत मिळून दिवसाला चार वाक्यं बोलायच्या. आणि बापू. बापूंचं गाव नुकतंच पुणे शहरात आलं होतं, शेतात इमारती उभ्या राहत होत्या, आणि तिशी उलटल्यावर आता करायचं काय म्हणून ते बुलेटवरून कोबोल शिकायला यायचे. आता यात कुठे फुलपात्र येतं, तर ऐका.

सर शिकवायला बसले की मधोमध एक स्टीलचं फुलपात्र ठेवायचे. घासून घासून त्याची चकाकी गेलेली. तळाशी कोरलेलं नाव पुसट होऊन गेलेलं, 'सप्रेम भेट' एवढं मात्र वाचता यायचं. ज्याच्या हातात फुलपात्र, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प. सरांच्या मते प्रोग्रॅम म्हणजे हेच. मशीन एका वेळी एकच काम करतं. ते कुणाचं काम करतंय हे आपल्याला नेहमी ठाऊक पाहिजे. म्हणून आम्हा चौघांना ते प्रोग्रॅमचे चार तुकडे करायचे. मी मुख्य तुकडा. मला एका माणसाची माहिती वाचायची असली की मी फुलपात्र बापूंकडे द्यायचं. बापूंनी वाचायचं आणि फुलपात्र मलाच परत करायचं. मग मी ते बहिणींपैकी एकीकडे द्यायचं, तिनं नाव छापायचं, परत मला. कोबोलमध्ये याला परफॉर्म म्हणतात. जा, काम कर, आणि जिथून गेलास तिथेच परत ये. दुसरा मार्ग गो टू. गो टू म्हणजे बापूंनी काम झाल्यावर फुलपात्र मला न देता परस्पर बहिणीच्या हाती ठेवणं. एकदा बापूंनी ते खरंच केलं. लवकर व्हावं म्हणून. सरांनी त्या दिवशी क्लास तिथेच बंद केला.

"अहो सर, पण काम तर झालं का नाही?" बापू म्हणाले. "फुलपात्र कुठं बी गेलं तरी हाय ते खोलीतच हाय की."

"बापू, तुम्ही बुलेटसुद्धा अशीच लावता का? शहरातच आहे म्हणून?"

बापू पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत. मग आमच्या प्रोग्रॅमला तीनच तुकडे उरले, आणि बापूंचं वाचनही माझ्याच गळ्यात आलं.

सरांचं हे परत येणं केवळ क्लासपुरतं नव्हतं, म्हणून तर वैताग. ज्या रस्त्यानं गेले त्याच रस्त्यानं परतायचे. एकदा उत्सवात देवळाच्या दर्शनाच्या रांगेनं त्यांचा नेहमीचा रस्ता अडला होता. बाजूच्या बोळातून पाच मिनिटांत घर येतं. सर एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन रांग हटेपर्यंत बसले, आणि आम्ही तिघी क्लासच्या जिन्यात त्यांची वाट बघत बसलो. यापेक्षा अवघड म्हणजे त्यांची वाक्यं. बोलताना दार वाजलं की सर वाक्य अर्धं टाकून उठायचे, आणि परत आले की 'तर मी काय म्हणत होतो' वगैरे काही नाही, थेट उरलेलं वाक्य. मध्ये दहा मिनिटं गेली असोत की तीन दिवस. एका गुरुवारी ते म्हणाले, "फाइल संपली आहे हे कळण्याच्या" आणि पोस्टमन आला. मग कुणी पाहुणे आले आणि क्लास थेट सोमवारवर गेला. सोमवारी आम्ही चपला काढत होतो तोच ते म्हणाले, "आधी छापायला सुरुवात करू नका." बहिणी अशी अर्धी वाक्यं वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायच्या, सोमवारी उरलेला भाग जोडायला. मला त्यांचा फार राग यायचा. तुम्ही सामील कशाला होता त्यांना?

सरांकडे स्वाध्याय एकच. सगळ्या बॅचना तोच. एका कारखान्यातल्या कामगारांची कंपनीच्या क्वार्टर्ससाठीची प्रतीक्षायादी. जो आधी नोकरीला लागला त्याचं नाव आधी. दोघांची रुजू तारीख एकच असेल तर वयानं मोठा असेल तो आधी. एवढीच बाब, आणि तिच्यापायी आम्ही हातानं लिहिलेले कागद इंचभर जाड झाले होते. कुणीही यादी छापून आणली की सर बाकी काही न बघता आधी एका नावावर बोट ठेवायचे. एकशे अठरा. आत्माराम. ते नाव असलं तर पुढे बघायचे. मी एकदा विचारलं की सर, दोनशेच्या वर नावं आहेत, हेच का? ते म्हणाले, तुम्ही बाकीची बघा.

ऑक्टोबर आला, तोवर सर कागदावरचं मशीनवर चढवू द्यायला लागले होते. एका मोठ्या कंपनीनं कोबोलची माणसं घ्यायला परीक्षा ठेवल्याची जाहिरात पेपरात आली. सोबत क्लासचं पत्र आणा, असं त्यात लिहिलेलं होतं. परीक्षा शुक्रवारी, दिवाळी त्यानंतर दोन आठवड्यांवर. दिवाळीच्या आधी दुसरी कुठली परीक्षा नव्हती. सर पत्र द्यायचे ते स्वाध्याय पुरा झाल्यावरच. माझा पुरा होत नव्हता. वयाची तुलना करून परत येताना माझा प्रोग्रॅम कुठेतरी अडकायचा आणि मला ते सापडत नव्हतं. शेवटी बुधवारी मी एका ओळीत गो टू टाकला आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. छापील कागद घेऊन मी सरांसमोर बसले. त्यांनी बोट ठेवलं. एकशे अठरा, आत्माराम. होता. मला वाटलं सुटले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि प्रोग्रॅम वाचायला घेतला.

"हे काय आहे?"

"गो टू, सर."

"ते मला वाचता येतं. का आहे?"

"यादी बरोबर आलीय ना."

"आज आली."

मला इतका संताप आला की मी पुढे होऊन मधलं फुलपात्र उचललं. मग मी चार महिन्यांचं सगळं बोलले. म्हटलं, माझी यादी बरोबर आहे. परवा परीक्षा आहे, तिला तुमचं पत्र लागतं. पत्र नसेल तर नोकरी नाही, नोकरी नसेल तर मी दिवाळीला घरी जाईन आणि पुन्हा येणार नाही. वणीत माझं लग्न होईल. तुम्हाला एका ओळीचं काय एवढं पडलंय? माझं बोलून झाल्यावर त्यांनी फुलपात्रासाठी हात पुढे केला. मी दिलं नाही. ते जरा वेळ हात तसाच धरून बसले, आणि मग फुलपात्राशिवायच बोलू लागले. त्यांनी असं केलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण हे मला नंतर सुचलं.

"माझ्याही यादीत आत्माराम तीन वर्षं व्यवस्थित येत होते," ते म्हणाले. "चौथ्या वर्षी"

आणि दार वाजलं. सिलिंडरवाला. सर उठले. ते सिलिंडर काट्यावर दोनदा तोलून घ्यायचे, आमच्या सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलेलं. मी मात्र थांबले नाही. पर्स उचलली, सरांच्या पाठीमागून निघाले आणि जिना उतरले. लक्ष्मी रोडला लागल्यावर कळलं की फुलपात्र माझ्या हातातच आहे.

शुक्रवारी मी पत्राशिवाय परीक्षेला गेले. खोट्या सबबींची तयारीच केली होती. वीस मिनिटांचा एक पेपर झाला, मग एका साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर अर्जांचा ढीग होता. त्यांनी मला कोबोल येतं का विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्यांनी विचारलं, कधीपासून येऊ शकाल? पत्राचं नावसुद्धा निघालं नाही. माझ्या आधीच्या मुलीला तर पेपरही पूर्ण करता आला नव्हता, तिलाही घेतलं. ज्या कागदासाठी मी चार महिने ऐंशी घरं भरली, तो कुणाला नकोच होता. दिवाळीला मी यवतमाळला गेले ती नेमणुकीचं पत्र घेऊन. वडिलांनी ते दोनदा वाचलं, घडी करून देवाजवळ ठेवलं, आणि म्हणाले, "वणीवाल्यायले मी कळवतो."

नोकरीत रोज दुसऱ्यांनी लिहिलेले जुने प्रोग्रॅम वाचायचे असत. कुणी, कधी, कुठल्या देशात लिहिलेत पत्ता नाही. एका ओळीवरून उडी, तिथून दुसरीकडे उडी, आणि तिकडून परत यायचा विसर. एकेका उडीमागे आठवडा जायचा. मी पेन्सिलीनं कागदावर तुकडे पाडायचे आणि पेन्सिली टेबलावरच्या फुलपात्रात ठेवायचे. सरांची आठवण यायची ती मात्र रागानंच यायची. त्यांनी मला हे सांगितलं होतं, पण नोकरी घालवायची वेळ आणून सांगितलं होतं. फुलपात्र परत द्यायला हवं, हे रोज दिसायचं, आणि मी रोज ते पुढच्या रविवारवर टाकायचे. असे दोन वर्षांचे रविवार गेले. मग कंपनीनं शिकवायला पाच नवी मुलं माझ्याकडे दिली. पहिल्याच तासाला मी फुलपात्रातल्या पेन्सिली काढून ते मधोमध ठेवलं. मुलं बघत राहिली. एकीनं विचारलं, "मॅम, ये किसका है?" त्या रविवारी मी बुधवार पेठेत गेले.

जिन्यात तोच 'हॅलो, वन, टू, थ्री' होता. दोन वर्षं मी मनात माफीचं एक लांबलचक वाक्य घोळवलं होतं, त्यातला पहिला शब्द काढायच्या आत सरांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फुलपात्राकडे.

"दुसऱ्या कारखान्यातून एक माणूस बदलून आला," ते म्हणाले. "त्याची आणि आत्मारामांची रुजू तारीख एकच. आत या."

मी दारातच उभी राहिले. मग बसले. त्या प्रोग्रॅममध्ये, सर सांगत होते, वय बघायला उडी मारलेली होती आणि तिथून परत यायच्या ऐवजी थेट पुढच्या माणसावर उडी. दोघांतला मोठा छापला जायचा, धाकटा गळायचा. धाकटे आत्माराम होते. यादी दर वर्षी लागायची, बाकी सगळं बरोबर असायचं, म्हणून कुणी बघितलं नाही. आत्माराम येरवड्याला एका खोलीत सहा माणसं घेऊन राहत. मागची माणसं क्वार्टरमध्ये जात होती. हे भिडस्त, यादीत नाव दिसत नाही म्हणून विचारायचं कसं, आपलंच काही चुकलं असेल म्हणून गप्प राहिले.

"तो प्रोग्रॅम माझा होता," सर म्हणाले. "सेवानिवृत्तीच्या दिवशी ते विभागात सगळ्यांना एकेक वस्तू वाटत आले. माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी विचारलं, साहेब, आता काही उपयोग नाही, पण माझा नंबर कितवा होता?"

त्यांनी माझ्या हातातून फुलपात्र घेतलं, उलटं केलं आणि तळाच्या पुसट अक्षरांवर बोट ठेवलं. ज्या बोटानं ते एकशे अठरा दाखवायचे तेच.

मला रडू आलं, आणि त्याच वेळी रागही. हे आधी सांगता आलं नसतं का? पहिल्या दिवशी? कुठल्याही दिवशी? मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, तुम्ही थांबला नाहीत. मग उठून फुलपात्रात पाणी भरून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"तुमचा प्रोग्रॅम तसाच आहे अजून?"

मी हो म्हटलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, हाताखाली पाच माणसं होती, आणि पुढचे तीन रविवार मी त्या खोलीत पेन्सिल घेऊन ऐंशी घरांच्या कागदावर ती यादी पुन्हा लिहीत होते. या खेपेला आत्मारामांची आणि त्यांच्या आधीच्या माणसाची रुजू तारीख एकच ठेवली. चौथ्या रविवारी सरांनी क्रोशाचं झाकण स्वतः काढलं, मी यादी छापली. त्यांनी एकशे सतरावर बोट ठेवलं, मग एकशे अठरावर. दोघेही होते. त्यांनी प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला, कपाटातून कागद काढला आणि मला पत्र लिहून दिलं.

ते अजून माझ्याकडे आहे. आजवर कुणी मागितलेलं नाही.